एकसष्ट गाण्यांची राखण

टापटीपला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे त्याला चोर म्हणायची घाई नको आणि साधू म्हणायचीही नको. रोख काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होती एक खोली, दहा बाय बाराची, दोन खिडक्यांची. वडील जाऊन तीन वर्षं झाली तरी ती त्यांच्या टेपा, यंत्रं आणि वायरींनी अडवून ठेवली होती. मिळणार होती एक ओळ: ध्वनिसंग्रहालयाच्या यादीत थोरल्या आत्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘संकलन’ आणि पुढे त्याचं नाव. शिवाय त्या संग्रहाच्या उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या रांगेतली खुर्ची. बायकोने आणखी एक बाब जोडली होती, की खोली रिकामी झाली म्हणजे तिची कटकट बंद. हे कलम टापटीपने फारसं धरलं नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात माणसाला इतका अंदाज येतो.

टापटीप हे अर्थात घरच्यांनी पाडलेलं नाव. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, त्यांच्या मागे पांढरा दिवा असायचा, आणि जिच्यात बुडबुडा दिसेल ती उचलून हा बाजूला करायचा. बावीस वर्षं हेच. घरी आल्यावरही डोळे कामावरच असायचे. टॉवेल उंचीप्रमाणे लावलेले, चपला भिंतीशी काटकोनात. बायको शेजारणींना सांगायची, "माझ्यात बुडबुडा निघाला नाही म्हणून टिकले, नाहीतर मीही बाजूलाच गेले असते."

थोरली आत्या ही घरातली मोठी आसामी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण रेडिओवर तिचा आवाज लागला की रस्त्याने जाणारी माणसं अजून पाऊल आखडायची. तरुणपणी तिने सभागृहं गाजवली. पंचावन्नाव्या वर्षी एकाएकी व्यासपीठ सोडलं, आणि पुढची सोळा वर्षं ती फक्त घरच्या खोलीत, भावाच्या मायक्रोफोनसमोर गायली. तिचं नाव खरं वाढलं ते तेव्हापासून. दिसेनाशा झालेल्या माणसाची किंमत लोक आपल्या पदरची लावतात. तो भाऊ म्हणजे टापटीपचे वडील, पेशाने ध्वनिमुद्रक. आणि तिसरी धाकटी आत्या: शहात्तर वर्षांची, लग्न न केलेली, मोजकं बोलणारी, याच घरात मागच्या खोलीत राहणारी. पाहुण्यांना तिची ओळख ‘यांची बहीण’ अशी करून दिली जायची. ‘यांची’ म्हणजे नेमकी कुणाची, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं.

निवृत्तीनंतर वडिलांनी सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या. चारशे बारा गाणी, चारशे बारा फाइली. अशा प्रत्येक फाइलच्या पोटात एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, साल, शेरा. फाइल कुठेही गेली तरी चिठ्ठी तिच्याबरोबर जाते, लहान पोराच्या गळ्यात पत्ता बांधून पाठवावं तशी. ही गाणी आता ध्वनिसंग्रहालयाला द्यायची होती, आणि तिथल्या मॅडमची अट एवढीच होती, की चिठ्ठ्या नीट भरून द्या. चारशे गाणी ऐकत बसायला त्यांच्याकडे माणसं नव्हती. चिठ्ठीत असेल ते यादीत जाणार होतं. असलं काम टापटीपला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगण्यासारखंच, फक्त हे मांजर दूध सांडल्यावर फरशीही पुसून ठेवणारं होतं.

तो सालं दुरुस्त करत, शब्दांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा मिटवत चालला होता, आणि एकसष्ट फाइलींवर अडला. बाकी सगळीकडे गायिकेच्या जागी थोरलीचं जगाला ठाऊक असलेलं पूर्ण नाव होतं. या एकसष्टांत वडिलांनी फक्त ‘धाकटी’ असं लिहिलं होतं. शेवटच्या सोळा वर्षांतली एकूण एक गाणी, आणि संग्रहालयाला खरी भूक होती ती याच गाण्यांची. टापटीपने वडिलांच्या मोतीबिंदूला दोष दिला. धाकटी आत्या कधी गुणगुणतानाही त्याने ऐकली नव्हती. एकसष्ट बुडबुडे. रविवारच्या सकाळी बसून त्याने ते सगळे काढले आणि त्या दिवशी जेवण जरा जास्त गेलं.

सोमवारी कामावर निघण्याआधी सहज एक नजर टाकावी म्हणून त्याने कॉम्प्युटर सुरू केला. एकसष्ट ठिकाणी ‘धाकटी’.

सालं दुरुस्त केली होती ती तशीच होती. मिटवलेल्या जागा मिटलेल्या होत्या. फक्त ते एक नाव परत आलं होतं, एकसष्ट वेळा. त्याने फाइलीवरची ‘शेवटचा बदल’ ही तारीख पाहिली. काल रविवार होता. तिथे कालची तारीख हवी होती. तिथे तीन वर्षांपूर्वीची तारीख होती, वडील जायच्या नऊ दिवस आधीची, दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. म्हणजे काल सकाळचे त्याचे अडीच तास झालेच नव्हते असं कॉम्प्युटरचं म्हणणं होतं.

त्याने पुन्हा बदललं. मंगळवारी पुन्हा ‘धाकटी’, पुन्हा तीच दुपार, तेच चार दहा. त्याने फाइलींना बदल करता येऊ नये अशी खूण केली. बुधवारी खूण शाबूत आणि नाव बदललेलं, जसं काही कुणी कुलूप न उघडता आत जाऊन आलं. त्या कॉम्प्युटरला वडिलांनी इंटरनेट कधी लावलंच नव्हतं, त्यामुळे बाहेरच्या कुणावर आळ घ्यायची सोय नव्हती. मग घरातल्यांची झाडाझडती. मुलीने आईची शपथ घेतली. बायकोने कुणाचीच घेतली नाही, उलट विचारलं, की मला तेवढा वेळ असता तर मी आधी तुमच्या भुवया कातरल्या नसत्या का. धाकट्या आत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला टीव्ही बंद कुठून करतात तेही माहीत नाही अशी घरात समजूत होती. टापटीपने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. गुरुवारी सकाळी कुलूप काढून, कॉम्प्युटर सुरू करून पाहिलं.

एकसष्ट.

"बाबाच करत असतील," बायको म्हणाली. "जिवंतपणी कुणी त्यांच्या डब्यावरचा आकडा खोडला तर दोन दिवस जेवायचे नाहीत. आता तर जेवणाचाही प्रश्न उरला नाही."

तो हसला. पण त्या दिवसापासून तो त्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायला लागला. स्वतः कुलूप काढायचा आणि मग टकटक करायचा. आत वडिलांची खुर्ची होती, हात टेकून टेकून लाकूड काळं पडलेली. हेडफोन होता, त्याची गादी तडकून सोलपटं निघालेली. टेपांच्या डब्यांवर फक्त आकडे होते, कारण या खोलीत पाहुणे बसायचे आणि वडिलांना आपलं कुणी काही वाचलेलं खपत नसे. बायकोने त्याला टकटक करताना पाहिलं आणि ती एक शब्दही बोलली नाही. ती किती घाबरली होती ते यावरून समजावं. दोन दिवसांनी तिने एवढंच सांगितलं, की कुलूप लावल्यापासून दुपारी आत्या स्टूल घेऊन त्या बंद दारासमोर बसते. काही करत नाही. बसते. वारा येत असेल, टापटीप म्हणाला. त्या बोळात वारा कधीच येत नसे.

अकराव्या दिवशी त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. कॉम्प्युटरवाली म्हणूनच त्या सगळ्या गल्लीला माहीत होत्या: खांद्याला पिशवी, तोंडात पेचकस, आणि गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत मूर्ख ठरवायची हातोटी. टापटीपने वडिलांबद्दल काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, नावं आपोआप बदलतात. बाईंनी वीस मिनिटं खटपट केली आणि पेचकस तोंडातून काढला.

"भूत नाही, साहेब. राखणदार आहे. तुमच्या वडिलांनी बसवलेला."

तो एक छोटासा प्रोग्राम होता, नाव ‘राखण’. एकसष्ट चिठ्ठ्यांची मूळ प्रत त्याच्यापाशी होती. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आधी ती प्रत काढून प्रत्येक फाइलीशी ताडून बघायचा; गायिकेचं नाव बदललेलं दिसलं की पुन्हा लिहायचा, तारीखही जुनी करून ठेवायचा, आणि शेवटी आपल्या वहीत एक ओळ टाकायचा. टापटीप दर सकाळी ज्या हाताने भूत आहे का बघायला बटण दाबत होता, त्याच हाताने ते उठवत होता.

"वही बघायचीय?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उघडली.

सात वर्षांची वही होती. पहिली ओळ: ‘धाकटे, एक पुसलंस. पुन्हा लिहिलं आहे.’ दुसरी तीच. तिसरी तीच. तारखा वेगळ्या, वेळ नेहमी दुपारची तीन-साडेतीन, म्हणजे घर पेंगत असण्याची. पहिली चार वर्षं मधूनमधून वडिलांनी हाताने काही जोडलेलं होतं. ‘आज दोन? तब्येत बरी दिसते.’ ‘चहा निवतोय, आधी तो पी, मग पूस.’ ‘चष्मा इथेच विसरलीस.’ मग वडिलांच्या मृत्यूची तारीख ओलांडून वही तशीच पुढे चालली होती. हाताने जोडलेलं काही नाही, फक्त प्रोग्रामची ती एक ओळ. जवळजवळ दररोज, तीन वर्षं, हजारावर वेळा मेलेला माणूस सांगत होता: धाकटे, एक पुसलंस, पुन्हा लिहिलं आहे. गेल्या गुरुवारपासून, खोलीला कुलूप लागल्यापासून, त्या एकट्या ओळी थांबल्या होत्या. त्यांच्या जागी रोज सकाळी एकसष्ट ओळींची चळत, टापटीपच्या पुसण्यांची. त्याही ‘धाकटे’ म्हणूनच सुरू होत होत्या. वडिलांना दुसरं कुणी पुसेल असं सुचलंच नव्हतं. टापटीपने एकसष्टच्या एकसष्ट वाचल्या. वडील त्याच्याशी इतक्या मऊपणे कधी बोलले नव्हते.

"काढू की ठेवू?" कॉम्प्युटरवालीने विचारलं.

तो म्हणाला, थांबा जरा, आणि मागच्या खोलीत गेला.

आत्या वाळलेले कपडे घड्या घालत होती. त्याने सगळं सांगितलं. आपल्याला कॉम्प्युटर येतो हे उघडं पडलं याचंच तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मग तिने सांगितलं, आणि तेही घड्या घालता घालताच, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची हकीकत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी थोरलीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आवाज यायचा तो कापड फाटल्यासारखा. तिघांनी मिळून ठरवलं. साथीदार आधी वाजवून जायचे. गाणं नंतर, दार लावून भरायचं. धाकटी गायची. थोरली शेजारी बसून हाताने दाखवायची, इथे थांब, इथे सोड. सोळा वर्षं, एकसष्ट गाणी. नाव थोरलीचं राहील असा शब्द धाकटीने दिला होता. भावानेही बाहेर तोंड उघडलं नाही. त्याने फक्त चिठ्ठीत खरं लिहायचा हट्ट धरला. थोरली गेल्यावर धाकटीला ते टोचायला लागलं, म्हणून ती दुपारी जाऊन एक एक पुसायची.

"मग आता काय करू, आत्या?"

"पूस. शब्द दिलाय मी ताईला."

"नक्की?"

"तुझ्या बापालाही हेच सांगत आले. पूस."

तिने पुढचा टॉवेल घेतला. घड्या उंचीप्रमाणे पडत होत्या. टापटीपला वाटलं, एकदाचं कुणीतरी आपल्या मनासारखं बोललं. त्याला जे हवं होतं तेच करायला सांगणारी, आणि वर तीच हक्काची. असा सौदा बाजारात रोज मिळत नाही. तो परत गेला आणि म्हणाला, काढा.

बाईंनी विचारलं, वहीसकट? तो म्हणाला, वहीसकट. अर्धवट काम त्याला आवडत नसे.

मग त्याने आठ दिवसांची रजा टाकली आणि हात लावला त्या प्रत्येक गोष्टीचा निकाल लावला. चिठ्ठ्या थोरलीच्या नावाने झाल्या. वडिलांची एक सवय होती: प्रत्येक गाण्याआधी ते स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायचे, टेप क्रमांक, तारीख, गाते आहे अमुक. मूळ टेपेवरचं ते बोलणं फाइलींतही उतरलं होतं. टापटीपने त्यातलं एक ऐकलं. पुढचं ऐकायचा धीर झाला नाही. पडद्यावर आवाजाची रेष दिसते, गाण्याआधी लहानसा उंचवटा, मग सपाटी, मग गाणं. तो उंचवटा बघून बघून त्याने चारशे बारा ठिकाणी वडिलांना कापलं. गाण्याआधी बोलणं बरं दिसत नाही असं त्याने बायकोला सांगितलं. टेपांना बुरशी होती, ती दुसऱ्या टेपांना लागते म्हणून संग्रहालयाने त्या नाकारल्या. डबे भंगारात गेले. जुना कॉम्प्युटर पुसून कोरा करून त्यामागोमाग. शनिवारी त्याने मॅडमच्या हातात डिस्क ठेवली. मॅडमनी पोच देताना अभिमानाने सांगितलं, की एकदा दाखल झालं म्हणजे निर्धास्त राहा. इथे कुणालाही अक्षर बदलता येत नाही. यंत्र रोज प्रत ताडून बघतं, फरक दिसला की मूळ प्रत आपोआप परत येते.

टापटीपला हे आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण त्याने पावतीची घडी घातली आणि घरी आला.

आत्यासाठी त्याने एक साधा लॅपटॉप घेतला होता, त्यात सगळ्या गाण्यांची प्रत. रविवारी दुपारी तिने तो उघडलेला त्याने पाहिला. सोमवारी सकाळी तो डबा भरून घेत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आज तू तो लॅपटॉप सुरू केला होतास ना?"

केला होता, तो म्हणाला. ती गेली. मंगळवारी तिने तेच विचारलं. बुधवारी विचारलं नाही. ती स्वतःच लॅपटॉप घेऊन आली, ओट्यावर ठेवला, बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. दूध उतू गेलं. टापटीपची बायको गॅस बंद करायला पुढे झाली, ती मधेच थांबली.

"दादा कुठाय?" आत्याने विचारलं.

त्याने समजावलं, की तूच सांगितलंस म्हणून राखण काढली. ती ऐकत होती, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेबात एखादा आकडा राहून गेला म्हणून माणूस परत वरून बेरीज करतो, तशी बघत होती.

"मी पुसायची," ती म्हणाली, "कारण तो लिहायचा. तो लिहिणार हे माहीत नसतं तर मी हात लावला असता का रे?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं काचेत बुडबुडे शोधणाऱ्या माणसाला एवढं दिसलं नव्हतं. त्या घरात पुसायचं म्हणजे समोरच्याला हाक मारायची, हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं. आत्याने शब्द थोरलीला दिला होता, पण विश्वास ठेवला होता भावावर, की तो आपल्याला तो शब्द पुरता पाळू देणार नाही.

"परत लिही," ती म्हणाली.

टापटीप माणूस वाईट नव्हता. त्याने त्या दिवशी कामावर न जाता तिला घेऊन, आधी कॉम्प्युटरवालीकडे थांबून, संग्रहालय गाठलं. वाटेत त्याने मनातल्या मनात खोली सोडली, ओळ सोडली, खुर्ची सोडली. एकेक सोडताना दुखलं, पण सोडलं. मॅडमनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आधार काय? मूळ टेपा? भंगारात. डब्यांवर काही लिहिलेलं? नुसते आकडे, तेही भंगारात. ध्वनिमुद्रकाचं निवेदन? टापटीप खाली बघत म्हणाला, मी कापलं. ती वही? पुसली. कॉम्प्युटरवालीने मात्र आपण वही डोळ्यांनी पाहिली असं लिहून दिलं होतं. मॅडमनी ते पत्र दोनदा वाचलं, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि पत्रव्यवहाराच्या फाइलीत लावलं. ती फाइल कपाटात सर्वांत खाली होती.

तेव्हा आत्या म्हणाली, "मी गाऊन दाखवते."

मॅडमनी दार लोटून घेतलं. पंखा घरघरत होता, तो टापटीपने उठून बंद केला. आत्याने एकसष्टांतलंच एक गाणं धरलं, बसल्या बसल्या, मांडीवरची पर्स न सोडता. आवाज म्हातारा होता, दोन ठिकाणी तुटला, एका ठिकाणी श्वास संपला. पण तिसऱ्या ओळीला एक वळण आलं. ते रेडिओवरचंच होतं. इतकं, की खोलीत चौथं माणूस आल्यासारखं वाटलं, आणि त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. आत्याचा उजवा हात मोकळा होता. तो हवेत थांबला होता, कुणीतरी ‘इथे सोड’ असं दाखवण्याची वाट बघत.

गाणं संपल्यावर मॅडमचे डोळे भरून आले होते. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला.

"किती सारखा आवाज," त्या म्हणाल्या. "बहिणींचे असतातच. त्यांनी शिकवलेलं दिसतंय तुम्हाला."



संध्याकाळी टापटीपने लॅपटॉपवर एकसष्ट ठिकाणी ‘धाकटी’ लिहिलं. निदान घरात तरी खरं राहू दे, असा त्याचा विचार. सकाळी उघडलं तेव्हा एकसष्ट ठिकाणी थोरलीचं पूर्ण नाव होतं. क्षणभर त्याचा हात दारावर टकटक करायला उठलाच. पण या खेपेला त्याला तासाभरात उमगलं. संग्रहालयाची यादी इंटरनेटवर चढली होती. लॅपटॉपमधला गाणी वाजवणारा प्रोग्राम रोज आवाज ओळखायचा, जगात त्या आवाजाचं नाव काय आहे ते शोधायचा, आणि घरच्या चिठ्ठीत काही वेगळं दिसलं तर चूक समजून दुरुस्त करायचा. तीन ठिकाणी टिचकी मारली की हे बंद होत होतं. त्याने आत्याला तसं सांगितलं. कॉम्प्युटरवालीने तर नवी राखण फुकट लिहून द्यायची तयारी दाखवली.

"नको," आत्या म्हणाली. "राहू दे. आता मी लिहीन, ताई पुसेल. ती पुसते तोवर आहे ना कुठेतरी."

उद्घाटन झालं. टापटीप पहिल्या रांगेत बसला. शेजारची खुर्ची आत्यासाठी होती, ती आली नाही. एकसष्टांतली तीन गाणी लावली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता शेवटची बेरीज. टापटीपला खोली मिळाली, ओळ मिळाली, खुर्ची मिळाली. खोलीत त्याने मुलीचं टेबल लावलं, पण मुलगी अभ्यास बाहेरच करते, आणि तो स्वतः आत जायच्या आधी अजून दार वाजवतो. बायकोची कटकट बंद झाली, हे एकच कलम अपेक्षेपेक्षा जास्त वसूल झालं. घरात इतकी शांतता तिला स्वतःलाच सोसत नाही. वडिलांचे चारशे बारा उंचवटे गेले, आणि ते बोलत कसे हे आता घरात नीट कुणाला आठवत नाही. थोरलीने या व्यवहारात पदरचं काहीच भरलं नाही. आत्या रोज दुपारी तीनला लॅपटॉप उघडते आणि एका बोटाने लिहायला बसते. शहात्तराव्या वर्षी चार वाजेपर्यंत नऊ होतात, फार तर दहा. चार दहाला ती झाकण मिटते. तेव्हा नऊ तिची असतात, बावन्न थोरलीची. सकाळी एकसष्टच्या एकसष्ट थोरलीची. संग्रहालयाच्या यादीत थोरलीकडे चारशे बारा, टापटीपकडे एक ओळ. आणि भरणा चालू आहे तो धाकटीचा, रोज नऊ.